फोन कुणाचा?

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक मावशी येतात. वय पन्नाशीच्या पुढे. घरी दोन म्हशी, दीड एकर रान. धनी वारले. एकुलती मुलगी पलीकडच्या तालुक्यात दिलेली. घरात मावशी एकट्याच. सोबतीला एक फोन. साधा, बटणांचा. मुलीनेच घेऊन दिलेला.

हा फोन मावशींना किती छळत होता ते ऐका.

सकाळी धारा काढायची वेळ. म्हैस पान्हवलेली. तेवढ्यात घरात फोन वाजे. मुलीचा असेल म्हणून मावशी कासंडी खाली ठेवत, पदराला हात पुसत धावत जात. फोन कानाला लावावा, तर पलीकडून गोड आवाज, "नमस्कार, आपल्याला दोन लाखांचे कर्ज मंजूर झाले आहे." मावशी म्हणत, "अगं बाई, मी कुठं कर्ज मागितलं?" पलीकडचा आवाज आपला बोलतच राही. तो यंत्राचा आवाज. मावशी काय म्हणतात ते यंत्राला काय कळणार? गोठ्यात परत यावे, तर म्हशीने पान्हा चोरलेला.

कधी विमा घ्या म्हणून फोन. कधी शहराजवळ प्लॉट घ्या म्हणून. कधी गुडघेदुखीचे तेल. एकदा तर फोन उचलला आणि पलीकडे कुणी बोललेच नाही. मावशी हॅलो हॅलो करून दमल्या. कुणाला काय सांगायचे असेल, या विचाराने रात्रभर झोप नाही.

शेवटी त्या कंटाळल्या. मुलीने आपल्या नंबराला वेगळी धून लावून दिली होती. ती धून वाजली तरच उठायचे, एरवी फोन कोनाड्यात वाजू दे, असे त्यांनी ठरवून टाकले. तेव्हा त्यांना आकडे वाचता येत नव्हते. दुसरे काय करणार?

पावसाळ्यातली रात्र. फोन तीनदा वाजला. धून ओळखीची नव्हती. मावशींनी कूस बदलली.

तो फोन जावयांचा होता. मुलीचे हे दुसरे बाळंतपण, म्हणून ती सासरीच राहिली होती. दिवस पुरे भरण्याआधीच पोटात दुखू लागले. घाईघाईने दवाखान्यात नेले. फोन घरीच राहिला. जावयांनी दवाखान्यातल्या कुणाचा तरी फोन मागून घेतला आणि सासूबाईंना लावला. एकदा, दोनदा, तीनदा.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडून निरोप कळला. मावशी दुपारच्या एसटीने पोचल्या. बाळ काचेच्या पेटीत होते. मुलगी बरी होती. ती एवढेच म्हणाली, "आई, रात्री तुला किती फोन लावला गं."

मावशी आम्हाला सांगत होत्या, "रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली पण नाही."

बाळ आता चांगले गुटगुटीत आहे. पण मावशी पुढच्याच महिन्यात वर्गाला आल्या आणि म्हणाल्या, "मला आधी आकडे शिकवा. अक्षरं मागाहून बघू."

म्हणून हा धडा आम्ही लिहिला.

आपला नंबर या लोकांना मिळतो कसा? हे आम्हाला वर्गात नेहमी विचारतात. पुष्कळदा आपणच देतो. जत्रेत मोटारसायकल मांडलेली असते. चिठ्ठीवर नाव आणि नंबर लिहून पेटीत टाका, सोडतीत गाडी मिळेल, असे सांगतात. आपण लिहितो. दुकानात बिल करताना पोरगा नंबर विचारतो, आपण सांगून टाकतो. पुढे ते नंबर कुठे कुठे जातात याचा हिशोब कोण ठेवतो? आणि कुणालाही नंबर दिला नाही तरी सुटका नाही. यंत्र एकामागून एक नंबर आपोआप लावत जाते. एकाच वेळी पाच-दहा घरी घंटा वाजते. बोलणारी माणसे मात्र थोडी. जो आधी उचलेल त्याच्याशी माणूस बोलतो. बाकीच्यांच्या कानात नुसती शांतता. मावशींना आलेला मुका फोन तसलाच असावा. त्यात भुताखेताचे काही नाही.

आता एक गोष्ट आधी मनातून काढून टाकू. दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायचे, ही आपली रीत. ती चांगलीच आहे. म्हणून फोनवरच्या माणसाला मध्येच तोडायला आपल्याला जड जाते. तो बोलतो आहे तोवर ऐकावे, असे वाटते. पण हा पाहुणा नव्हे. तो आपल्याला ओळखतही नाही. बोलावल्यावाचून आला आहे. "नको. ठेवते." एवढे म्हणावे आणि फोन ठेवावा. यात उद्धटपणा नाही. शिव्याही देऊ नयेत. पलीकडे बहुधा कुणाचा तरी पोटासाठी आलेला मुलगा किंवा मुलगी असते. दिवसाला इतके फोन केले पाहिजेत, असे त्यांच्या डोक्यावर ओझे असते. त्या पोरीला शिव्या देऊन मालकाला काय लागते? यंत्र बोलत असेल तर मात्र "नको" म्हणण्याचीही गरज नाही. आणि "एक दाबा, दोन दाबा" म्हणाले तर काहीही दाबू नये. माहिती हवी म्हणून बटण दाबले, आणि मग शिलकीतले पैसे कापले गेले, असे आमच्या वर्गातच दोघांचे झाले आहे.

पुढची गोष्ट आकड्यांची. इथे वाचनाचा खरा उपयोग आहे.

फोन वाजला की उचलण्याआधी पडद्यावर बघावे. तिथे नंबर दिसतो. कधी नंबराच्या आधी अधिकची खूण आणि ९१ दिसते. ते आपल्या देशाचे आकडे. ते सोडून पुढचे वाचावे. माणसाच्या मोबाईलचा नंबर दहा आकडी असतो. १४० ने सुरू होणारा नंबर असला, तर तो जाहिरातीचा फोन. सरकारनेच जाहिरातवाल्यांना हे आकडे नेमून दिले आहेत, म्हणजे बघताक्षणी ओळखता यावे. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या यांनी कामाचा फोन करायचा, तर त्यांच्यासाठी १६०० ने सुरू होणारे नंबर नेमले आहेत.

मोबाईलवर आकडे बहुधा इंग्रजी वळणाचे येतात. या पुस्तकात मराठी वळणाचे छापले आहेत. वर्गात आम्ही दोन्ही शेजारी शेजारी गिरवून घेतो. घरी फोन हातात घेऊन आलेल्या फोनांची यादी उघडावी आणि एकेक नंबर मोठ्याने वाचावा. यासारखी दुसरी पाटी नाही.

पण सगळे जाहिरातवाले नियम पाळतात कुठे? पुष्कळ जण साध्या दहा आकडी नंबरावरून फोन करतात. तो बघून ओळखू येत नाही. तो जावयाचाही असू शकतो. म्हणून आम्ही सांगतो, अनोळखी दहा आकडी नंबर आला तर उचलावा. "कोण बोलतंय?" असे आधी आपण विचारावे. आपले नाव आधी सांगू नये. ओळखीचा निघाला तर बोलावे, नाहीतर ठेवून द्यावे. रात्री-अपरात्री तोच नंबर पुन्हा पुन्हा वाजला तर जरूर उचलावा. मावशी हे वाक्य वर्गात नव्या आलेल्या प्रत्येकाला स्वतः सांगतात. आम्हाला सांगू देत नाहीत.

आता हे फोन मुळातच बंद कसे करायचे?

दिल्लीला भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण नावाची सरकारी संस्था आहे. तिला थोडक्यात ट्राय म्हणतात. ती १९९७ साली स्थापन झाली. फोन कंपन्यांनी कसे वागावे याचे नियम ती करते. ज्यांना जाहिराती नकोत त्यांची यादी ठेवण्याची सोय २००७ साली सुरू झाली. २०१८ साली नवे नियम आले आणि २०२५ साली ते आणखी कडक केले.

या यादीत नाव घालायला पैसे पडत नाहीत. आपल्याच फोनवरून १९०९ हा नंबर लावावा. आधी यंत्र बोलते. ते सांगेल तो आकडा दाबावा. (हो, वर आम्ही दाबू नका म्हटले. पण तो फोन त्यांनी आपल्याला केलेला होता. हा आपण त्यांना केलेला आहे. हा फरक लक्षात ठेवावा.) सगळ्याच जाहिराती बंद करता येतात. किंवा बँक, जमीनजुमला, शिक्षण, आरोग्य असे वेगवेगळे गट आहेत, त्यांतला एखादा चालू ठेवता येतो. कुणाला बियाण्याची, औजारांची माहिती हवी असते, त्याने सगळे बंद करू नये. ज्याची त्याची गरज. नोंद झाली की तसा संदेश फोनवर येतो. एक शंका वर्गात हमखास निघते. मग बँकेचा संदेश बंद होईल का? पैसे जमा झाल्याचे कळणार नाही का? तसे होत नाही. आपल्या खात्याचे संदेश येतच राहतात. फक्त जाहिराती थांबतात.

नाव घातल्यावरही एखादा फोन येतोच. तेव्हा तक्रार करावी. तक्रारही १९०९ वरच. पूर्वी तीन दिवसांच्या आत करावी लागे, २०२५ पासून सात दिवसांची मुदत आहे. साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिरात आली असेल तर यादीत नाव नसले तरी तक्रार चालते. मात्र तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत. कोणत्या नंबरावरून फोन आला, कोणत्या तारखेला आला, आणि काय म्हणाला. म्हणून फोनजवळ वही आणि पेन्सिल टांगून ठेवावी. मावशींच्या वहीतली एक ओळ अशी आहे:

"१२ तारीख. सकाळी. कर्ज देतो म्हनाला. मी नको म्हनाले."

खाली दहा आकडे आहेत. सात हा आकडा उलटा काढला आहे. पण वाचता येतो, आणि काम झाले!

इथे गावाने एकत्र येण्याजोगी एक गोष्ट आहे. अशा बेकायदा नंबराविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या, तर फोन कंपनीने लगेच चौकशी करून उपाय करावा, असा नियम आहे. दोष सिद्ध झाला तर पहिल्या वेळी पंधरा दिवस त्याला फोन लावता येत नाही. पुन्हा केले तर त्याचे सगळे नंबर वर्षभर बंद. आता बघा. एकच नंबर गावात घरोघरी वाजलेला असतो. एकट्या मावशींनी तक्रार केली तर ती एक तक्रार. पारावर, दूध संघावर, पाणवठ्यावर विचारून पाच घरांनी केली तर त्याच दिवशी पाच. आमच्या वर्गात आता गुरुवारी सगळ्यांच्या वह्या ताडून बघतात. दोन वह्यांत तोच नंबर निघाला की मोठा आनंद होतो.

शेवटी चोरांविषयी थोडे. जाहिरातवाला माल विकतो. तो नकोसा असतो, पण चोर नसतो. चोर वेगळा. तो माल विकत नाही, तो भीती किंवा लोभ दाखवतो. "आज रात्री तुमची वीज तोडणार." "किसान योजनेचा हप्ता अडकला आहे, फोनवर आलेला आकडा सांगा." "तुमच्या नावावर गुन्हा आहे, फोन ठेवू नका, तुम्हाला फोनवरच अटक झाली आहे." फोनवर अटक करण्याची रीत आपल्या कायद्यात कुठेही नाही. फोनवर आलेला गुप्त आकडा, ज्याला ओटीपी म्हणतात, तो बँक कधीही विचारत नाही. मग बोलणारा बँकेचा साहेब म्हणवो की पोलीस म्हणवो, आणि नंबर कुठलाही दिसो. पैसे घ्यायचे असतील तर आपला पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. आणि गेलेच, तर लाजू नये. भले भले शिकलेले फसले आहेत. त्याच घटकेला १९३० ला फोन करावा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. सकाळी बघू म्हणू नये.

मावशींनी १९०९ ला फोन लावला तो वर्गातच. आम्ही जवळ बसलो होतो. नोंद लागू व्हायला थोडा वेळ जातो, हे त्यांना सांगितले होते. दुसऱ्या रात्री वर्गात त्या मुलीच्या घरचे नंबर वहीत लिहून घेत होत्या. जावयांचा, सासऱ्यांचा, शेजारणीचा, आणि ज्याच्या फोनवरून त्या रात्री तीनदा घंटा वाजली होती त्या दवाखान्यातल्या माणसाचाही. तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. मावशींनी तो काढला, चष्मा नाकावर सरकवला आणि कंदिलासारखा वर धरला.

"एक," त्या म्हणाल्या. "चार. शून्य."

त्यांनी लाल बटण दाबले आणि शेजारणीचा नंबर पुढे लिहू लागल्या.