टाळेबंदीतील प्रपंच आणि वारीचा नेम

कोरोनाच्या साथीला आता काही वर्षे लोटली. तरी कीर्तन आटोपून आम्ही बुक्का लावून घेत उभे असलो की म्हातारी माणसे जवळ येतात आणि एकच गोष्ट विचारतात. सन २०२० ची आणि २०२१ ची वारी चुकली, वाडवडिलांपासूनचा नेम मोडला, त्याचे आता काय करावे? प्रश्न भोळा दिसतो, पण तितका भोळा नाही. त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे आणि तो कोणी तोंडाने बोलत नाही. त्या दिवसांत दार लावून घरात बसलो, पण देवाचे नाव थोडे आणि पैशाची, पोराबाळांची काळजीच फार केली, ते पाप लागले काय? या दोहोंचा विचार शास्त्राच्या आणि संतांच्या चरित्राच्या आधारे करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी झाले काय ते नीट आठवू. १७ मार्च २०२० पासून पंढरीचे मंदिर दर्शनाला बंद झाले. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून साऱ्या देशाला २१ दिवसांची टाळेबंदी लागली. तो दिवस नेमका गुढीपाडव्याचा. कित्येक घरी साखरेची गाठी मिळाली नाही, कडुलिंबाचा डहाळा आणायला बाहेर पडावे तर पोलिसाची काठी. २१ दिवसांचे पुढे महिने झाले. ४ एप्रिलची चैत्री वारी गेली. जून महिन्यात १२ तारखेला देहूहून आणि १३ तारखेला आळंदीहून प्रस्थान झाले ते मोजक्या मंडळींत. पादुका देवळाच्या आवारातच मुक्कामाला राहिल्या, आणि ३० जूनला एसटीत बसून वाखरीमार्गे पंढरीस गेल्या. सोबतीला एकेका पालखीमागे वीस माणसे. दिवेघाट नाही, नीरास्नान नाही, चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण नाही. १ जुलैच्या आषाढीला दर्शनाची रांगच नव्हती, म्हणून मंदिरात वीणा घेऊन पहारा करणाऱ्या वारकऱ्यालाच महापूजेचा मान मिळाला.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. पूर्वमीमांसेत जैमिनी ऋषींनी सहाव्या अध्यायात असा विचार केला आहे की, एखाद्या कर्माची सगळी अंगे जुळून आली नाहीत तर ते कर्म करावे की सोडावे? तेथे कर्माचे भेद पाडले आहेत. काम्य कर्म म्हणजे फळाच्या इच्छेने केलेले. मूल व्हावे, पाऊस पडावा, खटला सुटावा म्हणून जे करायचे, ते सर्व अंगांसह यथासांग झाले तरच फळ देते. एक अंग तुटले की फळ तुटले. नित्य कर्माचे तसे नाही. नित्य कर्म हे कर्तव्य म्हणून करायचे, म्हणून ते यथाशक्ति करावे. जेवढी अंगे साधतील तेवढी घ्यावी, उरलेली सुटली तर दोष नाही, मात्र प्रधान सुटता कामा नये. सोप्या भाषेत सांगायचे तर दूध नसले तर चहा कोरा करावा, पण पाहुण्याला तसेच पाठवू नये. (हा दृष्टांत जैमिनींचा नव्हे, आमच्या घरचा आहे.)

तर आमची वारी काम्य की नित्य? वारकऱ्याला हे विचारणेही नको. वारी नवसाची नाही. मागणे मागायला जाणारा तो यात्रेकरू, नेमाने जाणारा तो वारकरी. म्हणजे वारी हे नित्य कर्म झाले आणि तिला यथाशक्तीचा न्याय लागू झाला. पायी चालणे, दिंडीतली जागा, चंद्रभागेचे स्नान, नगरप्रदक्षिणा ही अंगे, आणि विठ्ठलाचे स्मरण हे प्रधान. ज्या घरी त्या आषाढीला एकादशी धरली गेली, तुळशीपुढे हरिपाठ झाला, त्या घरची वारी मोडली नाही. अंगे सुटली, प्रधान राहिले. मग प्रायश्चित्त कशाचे? काही मंडळी पुढच्या वर्षी दोनदा वारी करून मागची बाकी फेडू म्हणतात. सावकाराचे खाते आणि देवाचे खाते एक नव्हे. फेडण्याजोगे तेथे काही थकलेलेच नाही.

यावर कोणी म्हणेल, महाराज, पायी चालणे हे अंग कसे? तेच तर प्रधान! असे मानणारे आमचे वडीलधारे स्नेही आहेत, आणि पायांना फोड आलेल्या माणसाशी आम्ही वाद घालीत नाही. पण मग अरणच्या सावता महाराजांचे काय करायचे? ते मळा सोडून गेले नाहीत, देवच त्यांच्या मळ्यात आला, ही संप्रदायाची श्रद्धा आहे. आणि ती नुसती गोष्ट म्हणून ठेवलेली नाही. पंढरीहून पांडुरंगाची पालखी अरणला जाते. वारीची वाट उलटीही चालते हे आपणच मान्य केले आहे.

आता दुसरा प्रश्न, काळजीचा. तो पहिल्याहून अवघड.

त्या दिवसांत घराघरांत काय चालले होते? कारखाना बंद, रोजंदारी बंद. पिठाचा डबा किती दिवस पुरेल हे बाई रोज झाकण उघडून पाहते. पिकलेला माल शेतात, बाजार समिती बंद, कलिंगडे आणि द्राक्षे जागेवर नासतात. पुण्या-मुंबईचा मुलगा खोलीत अडकलेला, त्याचा फोन आला नाही की आईचा जीव खालीवर. फोन आला तर तो काय सांगेल याची धास्ती. म्हाताऱ्याला साधा ठसका लागला तरी घरात शांतता पसरते. एप्रिलपासून शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळू लागले, त्यावर पुष्कळ घरांची चूल पेटली. पण तेल, मीठ, औषध, वीजबिल हे धान्याने भागत नाही. शाळा मोबाईलवर आली. घरात मोबाईल एक आणि शिकणारी मुले तीन. एकाचा तास चालू असता दुसरा रडतो आणि बाप कामाच्या फोनची वाट पाहत भिंतीकडे तोंड करून बसतो. पहिली ते चौथीची मुले तर दीड वर्षाहून अधिक काळ वर्गाबाहेर राहिली. अक्षर विसरली, दंगा मात्र शिकली.

आमच्या कीर्तनकारांचेही तेच. पाडव्यापासून वैशाखापर्यंत सप्ताहांचे दिवस. त्याच दिवसांत सारे थांबले. कीर्तनाचा मोबदला घ्यावा की न घ्यावा हा वाद जुना आहे, तो येथे नको. पण मृदंग वाजविणाऱ्या पोराला आणि चाल म्हणणाऱ्याला घर असते हे तरी सर्वांना मान्य असावे. आमच्या ओळखीच्या कित्येक साथीदारांनी त्या उन्हाळ्यात भाजी विकली. त्यात कमीपणा काय? सावता महाराजांचा धंदा तोच.

तर ही काळजी पाप आहे काय? संस्कृतात चिंता आणि चिंतन हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघतात, आणि धातुपाठात त्या धातूचा अर्थ स्मरण असा दिला आहे. म्हणजे चिंता हीदेखील आठवणच. आई लेकराला आठवते, कर्ता पुरुष उद्याच्या भाकरीला आठवतो. प्रश्न एवढाच, की ती आठवण कोणाची आहे. दुसऱ्याच्या पोटाची असेल तर ती ममता. तिला पाप म्हणणारा माणूस प्रपंचात राहिलेला नाही. पण तीच आठवण वाढत जाऊन दुकानातली सगळी डाळ आपल्याच घरी यावी असे वाटू लागले, की तिचे नाव बदलले. त्या मार्च महिन्यात दुकानापुढे दोन्ही प्रकारची माणसे एकाच रांगेत उभी होती.

तुकोबांचे चरित्र पाहा. सन १६३० च्या सुमारास दुष्काळ पडला. दुकानाचे दिवाळे निघाले, थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मूल गेले. त्या दुःखाच्या माणसाला आपण जगद्गुरू म्हणतो. त्यांना काळजी कधी शिवली नाही असे सांगणारा कीर्तनकार तुकोबांना मोठे करीत नाही, दगड करतो. काळजी आली, घर उद्ध्वस्त झाले आणि त्यातून ते भंडाऱ्यावर गेले. नंतर कर्जखते इंद्रायणीत बुडविली असे चरित्रकार सांगतात. बुडविली ती दुसऱ्यांकडून येणे होते ती. आपले देणे बुडविले नाही, हे लक्षात घ्यावे. टाळेबंदीत ज्या घरमालकाने भाडेकरूला दोन महिने सांभाळून घेतले, त्याने माळ घातलेली असो वा नसो, तो या कथेचा श्रोता.

येथे एक गोष्ट पुरुष मंडळींना स्पष्ट सांगतो. जनाबाई दळू लागल्या की देव जात्याला हात लावी, ही कथा आम्ही रंगवून सांगतो आणि श्रोते माना डोलावतात. टाळेबंदीत सगळे घर चोवीस तास घरात. तीनदा जेवण, चारदा चहा, त्यात पोरांचा अभ्यास आणि सासऱ्याचे औषध. बाईला पूर्वी दुपारी जो तासभर स्वतःचा मिळे तोही गेला. तेव्हा जात्याला हात किती जणांनी लावला? देवाला जे काम हलके वाटले नाही ते घरच्या कर्त्याला हलके वाटावे याचे आम्हाला नवल वाटते. हरिपाठ म्हणायला बसलेल्या मंडळींत घरची सून होती की ती स्वयंपाकघरातूनच ऐकत होती, यावरून त्या घरचे प्रधान राहिले की सुटले ते ठरवावे.

सोवळ्याविषयीही थोडे बोलले पाहिजे. साथीत अंतर राखणे हे बरोबरच होते. आपल्याकडे सुतकात, सोयरात वेगळे बसण्याची रीत आहे, म्हणून चौदा दिवस वेगळे राहणे खेड्यातल्या माणसाला लवकर कळले. पण अंतर शरीराचे राखायचे असते. कित्येक गावांनी वेशीवर काटे टाकले, रस्ते खणले. मुंबईहून आलेला आपलाच माणूस शाळेच्या खोलीत राहिला. तेथे त्याला कोणी दारात भाकरी ठेवून दुरून हाक मारून विचारपूस केली, तर कोणी त्याच्या घरच्यांनाही पाण्यावर येऊ दिले नाही. पहिले सोवळे, दुसरी शिवाशीव. चोखोबांचे नाव घेणाऱ्या संप्रदायाला हा भेद समजावून सांगावा लागू नये.

आणि त्याच वर्षी दुसरी माणसेही चालली. आपली दिंडी थांबलेली असता मजूर बायकापोरांना घेऊन शेकडो मैल आपल्या गावाकडे पायी निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून निघाले होते, भुसावळला पोचून पुढे मध्य प्रदेशातल्या घरी जायचे होते. रुळांवर त्यांच्या भाकरी विखुरल्या होत्या. त्या चालण्याला कोणी टाळ-मृदंग दिला नाही. पण ज्या गावांनी दरवर्षी दिंडीला पिठले-भाकरी घालायची सवय लावून घेतलेली होती, त्या वाटेवरच्या लोकांना भुकेला चालणारा माणूस ओळखू यावा, यासाठीच ती सवय असते.

आता शेवटचा आणि फार जड विषय. पहिल्या लाटेत आणि त्याहून २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पुष्कळांचे माणूस दवाखान्यात गेले ते परत दिसलेच नाही. मुखात पाणी घालता आले नाही, खांदा देता आला नाही, अग्नी परक्या माणसाने दिला. मुलगे अजून विचारतात, वडिलांना गती मिळाली काय? याचे उत्तर धर्मशास्त्रात आहे, आणि ते साथीसाठी नवीन काढलेले नाही. काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी सन १७९० च्या सुमारास पंढरपुरातच धर्मसिंधु लिहिला. त्यात आणि त्याआधीच्या ग्रंथांत परदेशी वारलेल्यांचा विचार आहे. वार्ता दहा दिवसांच्या आत कळली तर उरलेले दिवस आशौच पाळावे. देहच हाती आला नाही तर पळसाच्या पानांची प्रतिकृती करून संस्कार करावा, त्याला पालाशविधि म्हणतात. म्हणजे माणूस दूर जाईल, देह सापडणार नाही, मुलगा पोचणार नाही, हे आपल्या पूर्वजांनी गृहीत धरले होते. ज्या दहनाला मुलगा हजर नव्हता ते दहन दहनच आहे. देह सापडला आहे तेथे पालाशविधीची गरज नाही. पुढचे दिवसकार्य ज्यांनी घरी केले त्यांचे झाले. ज्यांचे त्या धांदलीत राहिले त्यांनी आपल्या उपाध्यायांना विचारून आजही करावे, पितृपक्षातली तिथी धरावी.

ज्यांनी पीपीई किट घालून अनोळखी देहांना अग्नी दिला, त्या नगरपालिकेच्या कामगारांपैकी एखादा तुमच्या गावात असेल. २०२२ पासून वारी पुन्हा पायी निघते. पालखी गावात आली की त्याच्या घरी जाऊन त्याला पादुकांच्या दर्शनाला पुढे घेऊन जावे. रांगेतले कोणी कुरकुरले तर त्याला कारण सांगावे.