विसरण्यावरचं औषध : गुण आला हे ठरवायचं कसं?



अंतर्गत कर्जाचं कारण विचारलं की शेळी, बियाणं, मुलांची फी असंच आपण ऐकतो. अधूनमधून एखादी ताई सांगते, "सासूबाई फार विसरायला लागल्यात, त्यांच्या औषधाला पाहिजेत." चौकशी केली तर कळतं, कुणीतरी दारावर येऊन बुद्धिवर्धक पावडरीचा तीन महिन्यांचा कोर्स सांगून गेलंय. सोबत गोष्टही असते, की अमक्या गावच्या आजी पंधरा दिवसांत नातवंडांची नावं घ्यायला लागल्या.

त्या आजींची गोष्ट खोटीच असेल असं नाही. पण तिच्यावरून औषध ठरत नाही. विसरण्याच्या आजारात रोजचा दिवस सारखा नसतो. आज चूल पेटवलेली आठवत नाही, उद्या लग्नातल्या पंगतीचं सगळं सांगतात. आपण औषध आणतो ते अगदी वाईट आठवडा गेल्यावर. त्यानंतरचा आठवडा थोडा बरा जाणारच. शिवाय सून दोन वेळा दुधात पावडर कालवून जवळ बसते, बोलते. त्याचाही गुण येतो, आणि नाव मात्र पावडरीचं होतं!

म्हणून खरी परीक्षा वेगळी असते. समजा दोनशे म्हातारी माणसं आहेत. भिशीला उचलतो तशा चिठ्ठ्या उचलून त्यांचे दोन भाग करायचे. चिठ्ठ्याच कशाला? नाहीतर धडधाकट माणसं एकाच बाजूला जायची. एका भागाला खरं औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय हे घेणाऱ्याला, देणाऱ्याला, तपासणाऱ्याला, कुणालाच माहीत नसतं. सुरुवातीला आणि शेवटी सगळ्यांना सारखेच प्रश्न : आज वार कोणता, मघाशी सांगितलेले दहा शब्द कोणते. मग यादी उघडून दोन्ही भाग ताडून पाहायचे.

अमेरिकेत गिंको नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काची अशीच परीक्षा झाली. 75 वर्षांच्या पुढची 3,069 माणसं, रोज दोनदा 120 मिलिग्रॅम, जवळजवळ सहा वर्षं. 2008 साली निकाल आला. गिंको घेणाऱ्यांत 277 जणांना स्मृतिभ्रंश झाला, नुसती गोळी घेणाऱ्यांत 246 जणांना. म्हणजे आजार काही टळला नाही.

आपल्या ब्राह्मीचं काय? 65 वर्षांवरच्या 54 जणांना घेऊन 12 आठवड्यांची एक परीक्षा झाली, त्यात ब्राह्मी घेणाऱ्यांना ऐकलेले शब्द जास्त आठवले. पण माणसं थोडी होती आणि त्यांच्यापैकी कुणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. तेवढ्यावरून आजार बरा होतो असं म्हणता येत नाही. आणखी एक घोटाळा आहे. ब्राह्मी या नावाखाली दोन वनस्पती विकल्या जातात. परीक्षा झाली ती ओलसर जागी वाढणाऱ्या, जाडसर बारीक पानांच्या नीरब्राह्मीची. गोल पानांची मंडूकपर्णी वेगळी. पाकिटात कोणती आहे हे विकणाऱ्याला तरी ठाऊक असतं का?

झाडपाल्याला नावं ठेवायची म्हणून हे लिहीत नाही. गॅलॅन्टामिन हे औषध मुळात स्नोड्रॉपसारख्या फुलझाडाच्या कंदातून सापडलं, परीक्षेला उतरलं आणि 2001 साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. त्यानंही आजार जात नाही, काहींचा त्रास काही काळ कमी राहतो. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं.

तेव्हा कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी सासूबाईंना डॉक्टरांकडे न्या. बी-12 ची कमतरता, थायरॉईड, मनाची उदासी, झोपेच्या गोळ्या, यांनीही माणूस विसरतं, आणि यावर उपचार आहेत. कधी कधी तर ऐकूच आलेलं नसतं, आणि आपण म्हणतो विसरल्या. आशाताई घरोघरी तपासणीचा अर्ज भरतात, त्यात साठीच्या पुढच्यांना जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का, असा प्रश्न आहे. तिथे लाजून "नाही" लिहायला लावू नका.

आधीच एखादी पावडर चालू असेल तर पाकीट डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना गिंको घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि पावडर सुरू केली म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं तर 75 वर्षांवरच्या आजींना एसटीत तिकीट नाही, तुम्हाला अर्धं. आजींचं आधार कार्ड तेवढं बरोबर घ्या.