ढगात परत शिरण्याआधी

माझं गाव असोदा. विमान चालवायला शिकलो ते अमेरिकेत, आणि खासगी पायलटच्या परवान्यावर ढगात केवळ उपकरणांवर उडण्याचं इन्स्ट्रुमेंट रेटिंगही तिथंच घेतलं. आईच्या आजारपणात बराच काळ गावी राहिलो, त्यात सराव सुटला. तो परत कमावताना जे उमगलं ते लिहितो आहे, कारण धुळ्याच्या गोंदूर विमानतळावर आणि जळगावला आता आपली पोरं उडायला शिकतायत.

अमेरिकेतला नियम असा: ढगात उडायचं तर मागच्या 6 महिन्यांत उपकरणांवर धावपट्टीकडे उतरण्याचे 6 अ‍ॅप्रोच, होल्डिंग (ठरल्या जागी घिरट्या) आणि ठरलेला मार्ग पकडून धरण्याचा सराव झालेला हवा. नसेल तर पुढचे 6 महिने सेफ्टी पायलट शेजारी घेऊन, बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर हूड घालून तो भरून काढता येतो. तीही मुदत गेली की इन्स्ट्रक्टरबरोबर प्रोफिशियन्सी चेक. माझ्या दोन्ही मुदती गेल्या होत्या, आणि ते बरंच झालं. सेफ्टी पायलट बाहेरची विमानं बघतो. आपली नजर कुठं अडकते हे इन्स्ट्रक्टरच सांगतो.

हात काही विसरले नव्हते, डोळे विसरले होते. नजर कृत्रिम होरायझनवरून उंचीकडे, परत होरायझन, मग दिशा, अशी फिरती हवी. माझी एकाच काट्यावर खिळायची. क्लिअरन्स लिहून घेईपर्यंत डावा पंख हळूच कलायचा आणि अंगाला पत्ताही नसायचा. फुगडी थांबली तरी घर फिरतच राहतं. कानातल्या द्रवाची तीच फसगत ढगात होते, आणि सावकाश घेतलेलं वळण तर कळतच नाही. 1954 साली इलिनॉय विद्यापीठानं इन्स्ट्रुमेंट न शिकलेल्या 20 पायलटांवर प्रयोग केला. विसांच्या विसांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. आपण शिकलेले असतो, म्हणून तर बेधडक ढगात शिरतो.

म्हणून एकदम अ‍ॅप्रोचला हात घालू नका. आधी सिम्युलेटरवर सरळ उड्डाण, वळणं, चढ-उतार. मग एखादं उपकरण झाकून तेच. जीपीएसची बटणं जमिनीवरच पाठ करा. सगळ्यात जास्त वेळ उतरणं सोडून परत वर चढण्याला, म्हणजे मिस्ड अ‍ॅप्रोचला द्या: पूर्ण पॉवर दिली की वाढत्या वेगामुळे नाक फार वर गेल्याचा भास होतो, हात ते खाली दाबू पाहतो, आणि जमीन जवळ असते. शेवटी इन्स्ट्रक्टरबरोबर खऱ्या ढगात जा. हूडच्या कडेनं बाहेरचं थोडं दिसतं, ढगात तेही नसतं.

चेक झाल्यावर आयएलएसच्या आधारानं ढगातून 200 फुटांपर्यंत उतरता येतं, पण त्यावर भिस्त ठेवू नका. मी ढगांचा तळ 1000 फुटांच्या वर असेल तरच निघतो, आणि स्वच्छ हवेच्या विमानतळापर्यंत पुरेल इतकं इंधन घेतो. घरी ‘संध्याकाळी पोचतो’ असं सांगून निघू नका. ‘हवा बरी असली तर येईन’ एवढंच सांगा.