मुलाखतीला जाताना

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंभारी गाव आहे. गावच्या शिवारात विडी कामगार बायांची मोठी वसाहत आहे. २००६ साली तिथे १०,००० घरे उभी राहिली. वसाहतीला गोदूताई परुळेकर यांचे नाव दिले आहे. पुढे रे नगर ही दुसरी वसाहत झाली. तिथल्या १५,००० घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना मिळाला.

डोक्यावर छप्पर आले. पण चूल पेटायला हाताला काम लागते. विडीच्या मजुरीत भागत नाही, म्हणून पुष्कळ बाया दुसरी नोकरी शोधतात. आमच्या वर्गाला येणाऱ्या अशाच एका ताईंची ही हकिगत आहे.

ताईंनी वीस वर्षे विड्या वळल्या. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्याला बाया हव्या आहेत, असे त्यांना कळले. त्या तशाच उठून गेल्या. साहेबांनी विचारले, "काय येतं तुम्हाला?"

ताई मान खाली घालून म्हणाल्या, "काय बी येत न्हाई, साहेब. जन्मभर विड्याच वळल्या."

"बरं, कळवू," साहेब म्हणाले. निरोप काही आला नाही.

ताई वर्गात आल्या त्या रडवेल्या होऊन. आम्ही विचारले, "दिवसाला किती विड्या वळता?"

"हजार."

"त्या मोजतं कोण?"

"मीच की. पंचवीस-पंचवीसची जुडी बांधायची. एक बी कमी पडून चालत न्हाई. वाईट निघाली तर कारखान्यात बाजूला काढत्यात."

"मग तुम्हाला मोजता येते, बांधता येते. चांगला नग कोणता, वाईट कोणता, ते हाताला कळते. टॉवेलची घडी घालून गठ्ठा बांधायला आणखी काय लागते?"

ताई गप्प राहिल्या. मग हसल्या.

पुढे आठवडाभर आम्ही वर्गातच मुलाखती घेतल्या. एकीने साहेब व्हायचे, दुसरीने उमेदवार. ताईंच्या घरी तेलुगू बोलतात. घाई झाली की त्यांची मराठी अडखळते. म्हणून सावकाश बोलायचे ठरले. विडी कामगाराचे ओळखपत्र, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक त्यांनी एका पिशवीत घातले. प्रत्येकाची झेरॉक्स काढली. घर बदलले होते, म्हणून आधारवरचा पत्ताही आधीच बदलून घेतला.

दुसऱ्या एका कारखान्यात बोलावणे आले. ताई धुतलेले साधे लुगडे नेसून अर्धा तास आधी पोहोचल्या. साहेबांनी तोच प्रश्न विचारला. या वेळी ताई समोर बघून बोलल्या, "वीस वर्षं विडीचं काम केलंय. दिवसाला हजार नग मोजून, बांधून देते. मशीन मला येत न्हाई, पण दाखवलं तर शिकीन."

"लिहिता-वाचता येतं?"

"येतं. सावकाश येतं."

साहेबांनी एक छापील कागद पुढे केला. "इथे सही करा."

ताई म्हणाल्या, "वाचून करते, साहेब." बोट ठेवून त्यांनी एकेक ओळ वाचली. वेळ लागला. पगाराच्या ओळीवर बोट थांबले. तिथली जागा कोरी होती. "इथं आकडा न्हाई," त्या म्हणाल्या. साहेबांनी आकडा लिहिला. मग ताईंनी सही केली. आठ दिवस काम बघून त्यांना ठेवून घेतले.

आपण मुलाखतीला जातो, ते काही मागायला जात नाही. त्यांना काम करून हवे असते आणि आपल्याला ते येत असते. दोघांनी एकमेकांना पारखायचे असते. म्हणून आपले काम आपल्याला सांगता आले पाहिजे. येते ते येते म्हणावे, येत नाही ते येत नाही म्हणावे. खोटे सांगितले तर पहिल्याच दिवशी उघडे पडते.

ध्यानात ठेवा

१. जागा कुठे, बस केव्हा, हे आदल्या दिवशी विचारून घ्या.
२. मूळ कागद दाखवा, पण देऊन येऊ नका. झेरॉक्स द्या.
३. पगार किती, कोणत्या तारखेला, तास किती, सुट्टी कधी, हे विचारा. विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.
४. एकाच कामाला बाई-पुरुषांना सारखी मजुरी, असा कायदा आपल्या देशात १९७६ साली झाला.
५. नोकरी लावतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका.
६. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नका.

अभ्यास

१. पहिल्या वेळी ताईंचे काय चुकले?
२. कागदावर कोणती जागा कोरी होती? ती तशीच राहिली असती तर काय झाले असते?
३. तुम्हाला येणारी तीन कामे वहीत लिहा आणि शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवा.