चेहरा आईचा, धंदा घराचा

व्हिडिओतलं अमेरिकेचं उदाहरण जरा नीट बघू. २००८ च्या मंदीत जेनी आणि रॉन डोन यांची म्हातारपणाची पुंजी बुडाली. मुलांनी, ॲल आणि सारा यांनी, आईला गोधडीचे थर एकत्र शिवायचं मोठं मशीन घेऊन दिलं. गाव मिसुरीतलं हॅमिल्टन, अगदी छोटं. गिऱ्हाईक येणार कुठून? जेनी यूट्यूबवर फुकट शिकवू लागल्या. लोक शिकले की कापड लागणारच! पाच इंची चौकोन, अडीच इंची पट्ट्या, सगळं आधीच कापलेलं, म्हणजे नवख्याचं मापात चुकत नाही. हाच माल मुलांनी ऑनलाइन विकला. 'मिसुरी स्टार' अशी उभी राहिली. आपल्याकडे मुलगा चाळिशीचा झाला तरी गल्ल्याची किल्ली वडिलांकडेच! तुमच्या दुकानात खरेदीचा शेवटचा शब्द कुणाचा, ते आजच घरी बसून कागदावर लिहा.