'एपिस्त्रेफो' म्हणजे वळणे

'धर्मांतर' हा शब्द कानी पडताच घर सुटले, जात सुटली, माणूस परका झाला, असे चित्र कित्येक पालकांच्या मनात उभे राहते. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दात हे चित्र आहे काय, एवढेच येथे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

तो शब्द 'एपिस्त्रेफो'. 'स्त्रेफो' म्हणजे वळणे अगर वळविणे; 'एपि' या उपसर्गाने कोणाकडे तरी वळण्याची दिशा सूचित होते. शब्द रोजच्या व्यवहारातला. गर्दीत कोणी वस्त्राला शिवले तेव्हा येशू मागे वळला (मार्क ५:३०), तेथे हेच क्रियापद आहे. इतकेच काय, कुत्रे आपल्या ओकारीकडे फिरते (२ पेत्र २:२२), तेथेही तेच! सारांश, शब्दात स्वतःचे असे पावित्र्य नाही; तोंड कोणाकडे केले, यावर सारे अवलंबून. 'मेतानोइया', ज्याला आपण पश्चात्ताप म्हणतो, तीत मन पालटते. येथे पाऊलही फिरते.

आता हा शब्द कोणाला उद्देशून आला ते पाहावे. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू पेत्राला सांगतो की, वळल्यावर त्याने आपल्या भावांना बळ द्यावे (लूक २२:३२). पेत्र तर शिष्यांत अग्रगण्य! त्याला कोणता धर्म बदलावयाचा होता? ख्रिस्ती घरात जन्मलेल्या मुलांनी हे स्थळ विशेष लक्षपूर्वक वाचावे.

'एपिस्त्रोफे' हे नाम मात्र नव्या करारात एकदाच येते (कृत्ये १५:३). पौल व बर्णबा यहूदीतर लोक देवाकडे वळल्याचे वर्तमान वाटेत सांगत जातात. यरुशलेमेत प्रश्न निघाला की, अशांची सुंता करावी काय, त्यांनी मोशेचे नियमशास्त्र पाळावे काय? ही गोष्ट सुमारे इ. स. ४९ ची. वळणाऱ्यांना त्रास देऊ नये, असे याकोबाने सांगितले (१५:१९). तेथेही क्रियापद 'एपिस्त्रेफो'च. मूर्तींना अर्पिलेले, जारकर्म, रक्त अशा थोड्या गोष्टी वर्ज्य ठरल्या; परंतु ग्रीकाने यहूदी व्हावे, असे ठरले नाही.

घर सुटण्याचे दुःख आपल्या इकडे पुष्कळांनी भोगले, ते खोटे नव्हे. पण ते या शब्दाने मागितलेले नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांनी प्रभूचे गुण गाइले ते अभंगांत. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' ओवीबद्ध आहे, आणि ते त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी पुरे केले.