संत्र्याची साल आणि पाण्यातील जड धातू

आमच्या जाम-कन्हानच्या खोऱ्यातील वाचकांस संत्री आणि तांब्या-पितळेची भांडी या दोहोंची ओळख करून देण्याचे कारण नाही. सौसर-पांढुर्ण्याकडील बागांचे फळ दूरदूरच्या बाजारात जाते. लोधीखेड्याचे नाव तर पूर्वीपासून भांड्यांशी जोडलेले आहे. पण संत्र्याचा आणि तांब्याचा एकमेकांशी संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध पाण्यामुळे येतो, आणि तो समजून घेणे आपणा सर्वांच्या हिताचे आहे.

जड धातू का घातक?

शिसे, पारा, कॅडमियम, निकेल, तांबे, जस्त इत्यादींस जड धातू म्हणतात. यांपैकी तांबे व जस्त शरीरास अगदी अल्प प्रमाणात लागतात, अधिक झाले तर बाधतात. शिसे, पारा व कॅडमियम तर शरीरास मुळीच नकोत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक शिसे नसावे, असे भारतीय मानक सांगते. एवढ्या अल्प धातूला ना रंग, ना वास. पाणी गाळल्याने गढूळपणा जातो, उकळल्याने रोगजंतू मरतात. परंतु विरघळलेला धातू यांपैकी कशानेही जात नाही. जपानातील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा माशांत गेला व माशांतून माणसांत गेला. १९५६ साली तो रोग उघडकीस आला, तोवर कित्येक घरे उद्ध्वस्त झाली होती.

धातू पाण्यात उतरतो कसा?

कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया जाणतात. आंबट पदार्थ, म्हणजे आम्ल, तांब्याला विरघळवते. भांडी उजळण्यासाठी ती तेजाबात बुडवून धुतली, तर धुवणातही हेच घडते. पितळ हे तांबे व जस्त यांचे मिश्रण असल्याने दोन्ही धातू त्या पाण्यात उतरतात. बागाईतदाराकडेही तांबे असतेच. बोर्डो मिश्रणात १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १०० लिटर पाणी असते आणि मोरचूद हा तांब्याचाच क्षार होय. फवारणीची टाकी धुतलेले पाणी म्हणूनच विहिरीजवळ ओतू नये.

साल काय करते?

संत्र्याच्या सालीत पेक्टिन नावाचे द्रव्य असते. मुरंबा किंवा जेली घट्ट बसते ती याच्यामुळे. पेक्टिनच्या कणांवर धातू धरून ठेवणाऱ्या जागा असतात. त्या मोटारगाडीतील बाकांसारख्या समजाव्यात. त्यांवर आधीपासून कॅल्शियम बसलेले असते. तांबे किंवा निकेल आले की ते कॅल्शियमला उठवून स्वतः बसते. पाणी फार आम्ल असेल, तर आम्लाचेच कण सर्व बाके अडवतात व धातूला जागा उरत नाही. म्हणून पाण्याची आम्लता आधी कमी करावी लागते. भाताचे तूस, भुईमुगाची टरफले, नारळाचा काथ्या यांतही हा गुण कमीअधिक आहे.

अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली याच जातीच्या संत्र्याच्या सालीने मुलाम्याच्या कारखान्याच्या सांडपाण्यातील निकेल काढून दाखविले. पीएच ६ असता, म्हणजे पाणी किंचित आम्ल असता, काम उत्तम झाले. पुढे सौम्य आम्लाने साल धुऊन त्यांनी बहुतांश निकेल परतही मिळविले. ताक कळकविणारा आम्लाचा गुण येथे उपयोगी पडला!

एक लहान हिशेब

समजा, १०० लिटर धुवणात लिटरमागे ५० मिलिग्रॅम तांबे आहे. एकूण तांबे ५ ग्रॅम झाले. एक ग्रॅम साल २० मिलिग्रॅम तांबे धरते असे मानले, तर २५० ग्रॅम वाळलेली साल लागेल. प्रत्यक्षात शेवटचा अंश निघणे अवघड असते, म्हणून साल याहून अधिक घ्यावी लागते. तेजाबाच्या धुवणात आधी चुना घालावा. त्यामुळे पुष्कळसे तांबे गाळ होऊन तळाशी बसते. राहिलेला अंश धरण्यापुरते सालीचे काम ठेवावे.

शाळेतही हे पाहता येईल. आंबिया बहाराची साल दिवाळीच्या सुमारास, मृगाची होळीच्या सुमारास वाळवून कुटावी आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावी. मोरचुदाच्या अगदी फिक्या द्रावणात ती घालून तासभर ढवळावे व गाळावे. मूळ द्रावण आणि गाळलेले पाणी यांत शिक्षकांनी अमोनियाचे थेंब टाकावेत. निळेपणा जेथे कमी, तेथे तांबे कमी.

सर्वांत महत्त्वाची सूचना

हे वाचून कोणी पिण्याच्या माठात साल टाकील, तर आमचा पाठ वाया गेला असे होईल. ओल्या सालीने पाणी कुजते, आणि धातू किती उरला हे डोळ्यांना कळत नाही. पिण्याच्या पाण्याविषयी शंका असेल, तर ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. तोवर दुसरे पाणी वापरावे. सालीचे स्थान सांडपाण्याच्या हौदात आहे, स्वयंपाकघरात नव्हे.

दुसरे असे की साल धातूचा नाश करीत नाही. त्याची केवळ जागा बदलते. पाण्यातील विष सालीत आले. ती साल गुरांपुढे टाकली तर ते दुधात व मांसात येण्याची भीती, शेणखतात टाकली तर शेतात, जाळली तर राखेत. म्हणून वापरलेली साल आणि चुन्याचा गाळ वेगळ्या पिंपात झाकून ठेवावा व घातक कचऱ्याच्या रीतसर व्यवस्थेकडेच सोपवावा.

पाणी एकाच्या अंगणात संपत नाही. आपल्या मोरीचे पाणी खालच्या आळीतील विहिरीत मुरते. बागेत टाकून दिलेल्या सालीचा उपयोग तर करावाच. पण त्याहीपूर्वी आपल्या दारातून बाहेर जाणाऱ्या पाण्यात काय आहे, हे पाहण्याची सवय घराघरात लागावी, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.